धुक्यातली रात्र आणि रविवारची साक्ष

पत्र

मावशी, सलाम.

मी २६ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. जुलैतल्या एका शनिवारी आमच्या चर्चच्या तरुण संघातले आम्ही नऊ जण हरिश्चंद्रगडाला गेलो. खिरेश्वरला पोचायलाच दुपारचा एक वाजला. गावातले एक आजोबा म्हणाले, ‘आता वर जाऊ नका. जायचंच असेल तर वाटाड्या घ्या, धुकं उतरलंय.’ आमचा लीडर म्हणाला, ‘प्रार्थना करून निघालोय, काही होत नाही.’ तोलार खिंडीच्या वर गेल्यावर चार हातांपलीकडचं दिसेना. चकवा लागल्यासारखे तीनदा त्याच दगडापाशी आलो. अंधार पडल्यावर मी हट्ट धरून सगळ्यांना एका कपारीखाली बसवलं. रात्रभर पाऊस आणि वारा. आमच्यातला सगळ्यात लहान, १७ वर्षांचा मुलगा कुडकुडायचा थांबला आणि भलतंच बोलायला लागला. त्याचे ओले कपडे काढले, माझ्या सॅकमध्ये पिशवीत बांधलेला कोरडा स्वेटर घातला आणि दोघा मुलांनी त्याला मध्ये घेऊन रात्र काढली. मी प्रार्थना करायला बघत होते, पण ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’च्या पुढे शब्दच येईनात. सकाळी टपरी उघडायला वर चाललेले पाचनईचे एक मामा भेटले. त्यांनी चूल पेटवली, चहा-भाकरी दिली, आम्हांला खाली नेलं. आम्ही देवळापासून पंधरा मिनिटांवर होतो.

आता पाळकसाहेबांनी उपकारस्तुतीच्या उपासनेत मला साक्ष द्यायला, म्हणजे देवानं कसं वाचवलं ते सगळ्यांसमोर सांगायला, सांगितलंय. चर्चमधल्या एक काकू म्हणाल्या, ‘रविवारची उपासना बुडवून फिरायला गेलात, म्हणून प्रभूनं झटका दिला.’ जो तो विचारतो, ‘काय शिकलीस?’ मावशी, मी काहीच शिकले नाही. मी फक्त घाबरले. तीन आठवडे झाले, अजून पत्र्यावर पाऊस वाजला की झोप उडते. माझा विश्वास कच्चा आहे का?

तुमची, एक वाचक

उत्तर

बाळा, सलाम.

तुझं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी थांबले आणि खूप वेळ पुढे गेलेच नाही. ‘कुडकुडायचा थांबला.’ मी पस्तीस वर्षं नर्स होते. थंडीनं कुडकुडणारा माणूस अजून लढत असतो. अंगातली उष्णता फारच उतरली, की कुडकुडणं थांबतं, जीभ जड होते, माणूस भलतंसलतं बोलतो. कधीकधी तर ‘मला उकडतंय’ म्हणून अंगावरचं काढायला लागतो. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हा धोका सुरू होतो, आणि त्यासाठी बर्फच पडावा लागतो असं नाही. ओले कपडे, रात्रभरचा वारा आणि १,४०० मीटरहून उंच डोंगरमाथा, एवढं पुरतं. तुम्ही त्याला ओल्यातून काढलंत, कोरडं घातलंत, दोन अंगांची ऊब दिलीत. तिथं मी असते तर हेच केलं असतं. तू लिहितेस, प्रार्थनेला शब्द येईनात. त्या वेळी तुझे हात सॅकमधला स्वेटर शोधत होते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुझ्या स्वर्गातल्या पित्यालाही तसंच वाटलं असेल, असा माझा विश्वास आहे.

आता आधी झोपेचं सांगते, कारण ते सगळ्यांत निकडीचं आहे. पाऊस वाजला की दचकणं हा विश्वासाचा प्रश्न नाही. जिवावर बेतलेलं शरीर लवकर विसरत नाही. बहुतेकांचं हे हळूहळू निवळतं. महिना उलटून गेला तरी झोप येत नसेल, तीच रात्र पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. चर्चमध्ये कुणी ‘प्रार्थना कर, होईल बरं’ म्हणालं, तर प्रार्थनाही कर आणि डॉक्टरांचीही वेळ घे. एलीया संदेष्टा जीव मुठीत धरून रानात पळाला आणि ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला, तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. परत झोपू दिलं आणि परत खाऊ घातलं. होरेब डोंगर आणि तिथं ऐकू आलेली देवाची मंद वाणी, ते सगळं चाळीस दिवसांनंतरचं. तुझे तर अजून तीनच आठवडे झालेत, आणि लोक भाकरीच्या आधीच वाणी मागतायत.

तुझ्या विश्वासाविषयी बोलायचं तर आज रात्री बायबलातलं प्रेषितांची कृत्ये उघड आणि २७वा अध्याय सावकाश वाच. आपल्याकडे तो अध्याय फारसा कुणी उपदेशाला घेत नाही. लांबलचक आहे, बंदरांची आणि वाऱ्यांची नावं आहेत, म्हणून वगळतात. पण तुमची रात्र जवळजवळ जशीच्या तशी त्यात आहे.

प्रेषित पौलाला कैदी म्हणून रोमला नेत आहेत. उपासाचा दिवस उलटून गेलाय, म्हणजे समुद्रप्रवासाचा मोसम सरत आलाय. पौल सांगतो, आता पुढे जाऊ नका, नुकसान होईल. त्याच्यावर नेमलेला रोमी अधिकारी, शताधिपती, त्याचं ऐकत नाही, तांडेलाचं आणि तारवाच्या मालकाचं ऐकतो. दक्षिणेचा मंद वारा सुटतो, सगळ्यांना वाटतं जमलं, आणि मग वादळ. (खिरेश्वरचे आजोबा आठवले ना? देव दर वेळी स्वर्गातून ओरडून सांगत नाही. बऱ्याचदा ओट्यावर बसलेला एखादा म्हातारा सांगतो.) कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. आणि मग लूक लिहितो, आमची वाचण्याची सगळी आशा संपली. ‘त्यांची’ नाही, ‘आमची’. हे लिहिणारा पौलाचा सोबती होता, प्रभूचं शुभवर्तमान लिहिणारा माणूस होता. आशा संपली, हे त्यानं लपवलं नाही, आणि मंडळीनंही ते वाक्य खोडलं नाही. दोन हजार वर्षं आपण ते पवित्र शास्त्र म्हणून वाचतो आहोत. मग कपारीखाली बसून तुला शब्द सुचले नाहीत, यात कच्चं काय आहे?

पुढचं वाच. चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा अंदाज येतो. पाण्याची खोली मोजतात, वीस वाव, मग पंधरा वाव. खडकांवर आदळण्याच्या भीतीनं ते तारवाच्या मागच्या बाजूनं चार नांगर टाकतात आणि दिवस उगवायची वाट बघत बसतात. मी हे कितीदा तरी वाचलं होतं. पण तुझ्या पत्रातलं ‘हट्ट धरून बसवलं’ वाचलं आणि ते नांगर पहिल्यांदा माझ्या डोळ्यांना दिसले. हरिश्चंद्रगडावर धुक्यात चालत राहणं म्हणजे काय, हे कोकणकड्याच्या धारेवर उभं राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तू नांगर टाकलास. नऊच्या नऊ जण बसून राहिले, म्हणून नऊच्या नऊ जण खाली आले.

पहाटेच्या सुमारास पौल सगळ्यांना म्हणतो, काही खाऊन घ्या, हे तुमच्या जिवासाठी आहे. भाकर घेतो, सगळ्यांसमोर देवाचे आभार मानतो, मोडतो आणि स्वतः खायला लागतो. मोजून २७६ माणसं होती. एवढ्या धांदलीत लूकनं माणसं मोजली, हे मला फार आवडतं. सकाळ झाल्यावर पोहणारे पोहून जातात, बाकीचे कुणी फळ्यांवर, कुणी तारवाच्या तुकड्यांवर किनाऱ्याला लागतात. समुद्र दुभंगत नाही. फळ्यांवरून वाचणंसुद्धा वाचणंच आहे. तुमची फळी म्हणजे पिशवीत बांधलेला तो स्वेटर.

आता काकूंचं. २८वा अध्याय माल्टा बेटावर सुरू होतो. पाऊस पडत होता आणि थंडी होती, म्हणून तिथल्या लोकांनी शेकोटी पेटवली आणि सगळ्यांना जवळ घेतलं. पौल काटक्या गोळा करून विस्तवावर टाकतो, उष्णतेनं एक साप बाहेर येतो आणि त्याच्या हाताला डसून लटकतो. लोक लगेच म्हणतात, हा खुनी असला पाहिजे, समुद्रातून वाचला पण न्याय याला जगू देत नाही. थोड्या वेळानं पौलाला काही होत नाही, तर तेच लोक म्हणतात, हा देव आहे! दोन्ही वेळा चुकले. आपल्या काकूही वाईट नाहीत. दुसऱ्यावर आलेल्या संकटाचं कारण सापडलं, की आपण सुरक्षित आहोत असं माणसाला वाटतं. त्यांना वाटत असेल, मी एकही रविवार चुकवत नाही, म्हणजे माझ्या नातवंडांना काही होणार नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा प्रभूनं स्पष्ट विचारलं होतं, ती यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हांला? आणि स्वतःच ‘नाही’ म्हणाला. काकूंशी वाद घालू नकोस. पण त्यांचं वाक्य घरी घेऊन जाऊ नकोस.

आणि खरं सांगू का, धुक्याला आणि पावसाला रविवार कळत नाही. जुलैत घाटमाथ्यावर ढग अडतात आणि पठारावर उतरतात, दर वर्षी उतरतात. तुम्ही उशिरा निघालात, वाटाड्या घेतला नाहीत, सांगणाऱ्याचं ऐकलं नाहीत. प्रभूनं झटका दिला म्हणण्यापेक्षा हे म्हणणं कठीण आहे, कारण यात आपला वाटा येतो.

इथं मला माझं सांगायला हवं. ते मी कुठे लिहिलेलं नाही.

१९८९च्या ऑगस्टमधली गोष्ट. एका मिशन हॉस्पिटलात मी नोकरीला होते. लसीकरणाला वाडीवस्तीवर जीपनं जायचो. एका ओढ्याला पाणी आलं होतं. आमचे ड्रायव्हरभाऊ खाली उतरले, काठी पाण्यात घालून बघितली आणि म्हणाले, ‘सिस्टर, पाणी गढूळ आहे, तळ लागत नाही. तासभर थांबू.’ मी म्हणाले, ‘भाऊ, प्रभूचं काम आहे, प्रभू पार नेईल.’ मोठ्या विश्वासानं म्हणाले. त्यांनी नाइलाजानं गाडी घातली. मधोमध इंजिन बंद पडलं, जीप एका अंगाला कलली, पाणी सीटवर आलं. पलीकडच्या शेतातल्या माणसांनी दोर टाकला. भाऊंनी एका हातानं दोर धरला आणि दुसऱ्या हातानं माझा दंड. तीन जागी माझी कातडी त्यांच्या नखांनी सोलली होती, एवढं घट्ट धरलं होतं. मला काही झालं नाही. त्यांचा खांदा निखळला. नंतर बसवला, पण तो हात कधी पुरता वर गेला नाही. शर्ट घालताना ते आधी तो हात बाहीत घालायचे, मग दुसरा.

पुढच्याच रविवारी मी साक्ष दिली. देवानं लाल समुद्र दुभंगून आपल्या लोकांना पार नेलं, ती गोष्ट जोडून दिली. लोक रडले. भाऊ मागच्या बाकावर बसले होते. ‘थांबू’ म्हणाले होते, हे मी सांगितलं नाही. दोराचं आणि शेतातल्या माणसांचंही सांगितलं नाही. अकरा वर्षं मी ती साक्ष जिथं बोलावतील तिथं सांगत राहिले, आणि दर वेळी ती जास्त चकचकीत होत गेली. भाऊ वारले, त्यांच्या मिठीमातीला मी उभी होते, आणि त्यांच्या बायकोनं सहज म्हटलं, ‘सिस्टर, ते नेहमी म्हणायचे, त्या दिवशी मी नाही म्हणायला पाहिजे होतं.’ तो दोष माझा होता आणि तो माणूस अकरा वर्षं स्वतःकडे घेऊन बसला होता. पुढच्या महिन्यात मी त्याच चर्चमध्ये उभी राहून खरी हकिकत सांगितली. ऐकायला भाऊ नव्हते.

सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेऊन म्हणाला, खाली उडी टाक, देवदूत झेलतील असं लिहिलंय ना. त्यानं स्तोत्रच म्हणून दाखवलं. प्रभू म्हणाला, देवाची परीक्षा पाहू नको. ‘प्रभू पार नेईल’ आणि ‘प्रार्थना करून निघालोय, काही होत नाही’ ही दोन्ही वाक्यं त्या शिखरावरची आहेत. मला ते कळायला अकरा वर्षं लागली. तुला इतकी लागू नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

धडा लवकर सापडला नाही, याची लाज वाटून घेऊ नकोस. ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत लिहिणारा इंग्रज खलाशी जॉन न्यूटन १७४८ साली अटलांटिकच्या वादळातून वाचला, जहाजावरच देवाचा धावा केला, तो दिवस आयुष्यभर पाळत राहिला. पण त्यानंतरही १७५४पर्यंत तो गुलामांच्या व्यापारातच होता, त्या काळात तर तशा जहाजांचा कप्तानही झाला. त्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका निघाली ती १७८८ साली. वादळापासून चाळीस वर्षांनी! आणि आपल्या पंडिता रमाबाई. दुष्काळात आईबाप गेल्यावर भावाबरोबर पायी हिंडत त्या पंजाबात पोचल्या. झेलमच्या काठी कडाक्याची थंडी, अंगावर पांघरूण नाही, तेव्हा दोघांनी थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत शिरून डोकं तेवढं बाहेर ठेवलं आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला, आणि स्वतःची साक्ष त्यांनी लिहिली ती तर त्याच्याही कितीतरी नंतर. त्या साक्षीत ते खड्डे आहेत, वाळू आहे, थंडी आहे. मला ते वाचताना दर वेळी वाळूचा गारठा जाणवतो.

तर आता साक्षीचं काय करायचं? पाळकसाहेबांना सरळ सांग, आत्ता नको, नाताळनंतर बघू. ते ऐकतील. जबरदस्तीनं घेतलेली साक्ष कुणाच्याच उपयोगाची नसते, हे त्यांनाही ठाऊक आहे. आणि तुला द्यावीशी वाटलीच, तर जसं मला लिहिलंस तसंच सांग. एक वाजला होता, आजोबा नको म्हणाले, आम्ही ऐकलं नाही. ‘आम्ही’ म्हण. लीडरचं नाव व्यासपीठावरून घेऊ नकोस. त्याच्याकडे मात्र त्याआधी एकदा जा, चहाला बस. तो पोरगाही त्या रात्रीपासून नीट झोपला असेल असं मला वाटत नाही. ते ‘काही होत नाही’वालं वाक्य त्यालाच स्वतःच्या तोंडानं सांगायचं असेल, तर त्याला तुझ्या शेजारी उभं कर. मी भाऊंना तशी संधी कधी दिली नाही.

‘शब्द येईनात’ हेही सांग. तिथं बसलेल्यांत कुणाचं मूल आयसीयूत असेल, कुणाचं घर मोडत असेल, आणि त्यांनाही रात्री शब्द येत नसतील. त्यांना तुझं तेवढं वाक्य हवं असेल. ‘मग मला काय शिकायला मिळालं’ हे जोडू नकोस. लूकनंही जोडलं नाही. सगळे सुखरूप किनाऱ्याला पोचले, एवढं लिहून त्यानं अध्याय संपवला.

तरुण संघाच्या पुढच्या सभेत तासभर काढून बाकीचंही बोला. पावसाळ्यात वर चढायचं असेल तर सकाळी लवकर, गावातला वाटाड्या घेऊन, प्रत्येकाच्या सॅकमध्ये प्लास्टिकमध्ये बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड, आणि ‘आता परत फिरू’ म्हणायचा हक्क सगळ्यांत लहान मुलालाही. प्रार्थना करून निघाच. प्रार्थनेनंतर गावातलं कुणी ‘नको’ म्हणालं, तर ते उत्तर असू शकतं, एवढं लक्षात ठेवा.

एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, ती मी तीनदा शोधली. त्या पाचनईच्या मामांचं नाव. माल्टातल्या ज्या लोकांनी पावसात शेकोटी पेटवली, त्यांची नावं लूकलाही माहीत नसावीत, पण तुला विचारता येतं. दिवाळीनंतर रस्ते कोरडे झाले की लीडरला आणि त्या मुलाला घेऊन, दिवसाउजेडी, गाडीनं पाचनईला जा. गडावर नाही गेलात तरी चालेल. मामांच्या घरी बसा, त्यांच्याकडे जेवा, जेवणाचे पैसे द्या, एक चांगलं घोंगडं घेऊन जा. नाव विचारा, घरात कोण कोण आहे विचारा. आणि मग मला कळव. माझ्या वहीत सकाळच्या प्रार्थनेची नावं आहेत, भाऊंच्या बायकोच्या नावाखाली एक ओळ मी मोकळी ठेवली आहे.

तुझी,
मावशी